कस्टम वस्तरा करून घ्यायचाय? आधी पाणी बघा, नक्षी नंतर

मी वस्तऱ्यानं दाढी करतो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कापत नाही का, आणि एवढे पैसे घालून करून घ्यायची काय गरज होती, शायनिंगच ना ही? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, सुरवातीचे काही आठवडे कापतं, नंतर नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला दोन वस्तरे करून घ्यावे लागले, त्यातला एक निव्वळ दिखावा निघाला आणि दुसऱ्यानं मी आज सकाळीच दाढी केलीय. दोन्हीतला फरक कुठं असतो ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे आणि एक वर्ष वाचलं असतं, म्हणून हे लिहितोय.

थोडं मागचं सांगतो. आमचं घर सांगलीत गावभागात. आजोबांचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा वस्तरा होता, कपाटात खालच्या खणात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ते कपाट पाण्यात राहिलं आणि वस्तरा बाहेर काढला तेव्हा गंज नुसता वरवर नव्हता, धारेच्या ओळीतच बारीक खड्डे पडलेले. पातं घासून घासून मागं आणलं तरी खड्डे मागं मागं निघतच राहिले. त्याची मूठ मी अजून ठेवलीय, पण त्यानं दाढी होणार नाही. तिथून डोक्यात बसलं की आपण आपल्या हाताला बसेल असा नवा करून घ्यायचा.

१. करून घेण्याआधी साध्यावर हात बसवा

हा टप्पा गाळू नका, सगळे गाळतात. साधा, कारखान्यात बनलेला ५/८ इंच रुंदीचा वस्तरा घ्या आणि किमान तीन महिने त्यानंच दाढी करा. जुना घेत असाल तर टँगवर, म्हणजे पातं आणि शेपूट यांच्या मधल्या जाड भागावर, शेफील्ड किंवा सोलिंगेन कोरलेलं बघा आणि धारेवर खड्डे नाहीत ना ते भिंगातून बघा. सोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्यानं राखलेलं आहे, त्या भागात न बनलेल्या पात्यावर ते टाकता येत नाही, तरी स्वस्तातला नकली माल ऑनलाइन भरपूर मिळतो, तेव्हा किंमत बघून भुलू नका.

आणि सलूनमध्ये असतो तो अर्ध्या ब्लेडचा उस्तरा वेगळा. एचआयव्ही आणि ब, क प्रकारची कावीळ रक्तातून पसरते म्हणून सलूनवाल्यांनी धार लावायचा वस्तरा सोडला आणि गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड घालायला लागले, ते अगदी बरोबर केलं. पण त्यामुळं खरा वस्तरा आता फक्त घरात उरलाय, एका माणसाचा एक. तो दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही, भावाला सुद्धा नाही. एकाच माणसाच्या हातात राहणारी वस्तू त्याच माणसाच्या मापानं असावी असं वाटणं यात मला काही शायनिंग दिसत नाही.

तीन महिन्यांत काय शिकायचं: अंघोळीनंतर दाढी करायची, केस मऊ झालेले असतात. साबण ब्रशनं भरपूर घोटायचा. पातं गालाला साधारण ३० अंशात, मोकळ्या हातानं कातडी ताणून धरायची, आधी फक्त गाल, केसाच्या दिशेनं. हनुवटी आणि ओठाखालचा भाग शेवटी शिका, पहिले दोन आठवडे तो नेहमीच्या रेझरनं केला तरी चालतं. दाब अजिबात नाही. दाब द्यावासा वाटला की समजायचं धार गेलीय.

२. सामान

- चामड्याचा पट्टा, तीन इंच रुंद असला तर बरं
- धारेचे दगड: १,०००, ५,०००, ८,००० आणि शेवटचा १२,००० ग्रिटचा (आकडा मोठा तितका दगड बारीक)
- ब्रश, साबण, तुरटीचा खडा
- शिलाई मशीनचं तेल
- काळा मार्कर, सपाट काचेचा तुकडा, दहापट भिंग
- व्हर्नियर कॅलिपर (शेजारच्या वर्कशॉपमधून मागून आणा, एकदाच लागतो)

दगडांवर खर्च करा. नक्षीला हजारो रुपये घालणारे लोक धार लावायला मात्र किराणा दुकानातला दगड आणतात, मग महिन्याभरात वस्तरा कपाटात जातो.

३. पोलाद आणि पाणी

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे त्यामुळं हा भाग माझ्या रोजच्या कामातला. कारागीर तुम्हाला इंग्रजी आकडे सांगेल, घाबरू नका. ओ-१ म्हणजे आपल्याकडचं ओएचएनएस, ज्याचे डाय आणि पंच आपण रोज करतो. ५२१०० म्हणजे ईएन-३१, बेअरिंगचं पोलाद. दोन्हीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो आणि दोन्हीचा वस्तरा उत्तम होतो. स्टेनलेसचेही चांगले होतात, पण दगडावर जरा हट्टी असतात, पहिला वस्तरा कार्बनचाच घ्या असं माझं मत.

खरी गोष्ट पाण्याची, म्हणजे पोलाद तापवून, विझवून कडक करण्याची. ओएचएनएस साधारण ८०० अंशाला तापवून तेलात विझवतात, तेव्हा ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, मग दोनशे अंशाच्या आसपास टेंपरिंग करून त्याचा ठिसूळपणा काढतात. रॉकवेलवर, म्हणजे कडकपणाच्या मापावर, ६० ते ६२ आलं की वस्तऱ्याला झकास. कमी असेल तर धार मुडपते, जास्त असेल तर धारेचे बारीक टवके उडतात.

इथं एक सापळा आहे. पाणी दिल्यावर पातं घासताना ते फार गरम झालं तर पाणी उतरतं. पातळ धारेपाशी निळसर झाक दिसली तर समजा तिथलं पोलाद मऊ पडलं. नंतर पॉलिश करून झाक घालवता येते, मऊपणा जात नाही. म्हणून कारागिराला विचारायचंच: पाणी दिल्यावर ग्राइंडिंग कसं करता, पातं मधेमधे पाण्यात बुडवता का? जो माणूस हौसेनं पाच मिनिटं याच्यावर बोलतो त्याच्याकडं पैसे द्या. जो लगेच डमास्कसचे फोटो दाखवायला लागतो त्याच्याकडं थांबा जरा.

डमास्कसचं सांगतो. आज ज्याला डमास्कस म्हणून विकतात ते दोन प्रकारचं पोलाद एकावर एक ठेवून, ठोकून, घड्या घालून एकजीव केलेलं असतं, मग आम्लात बुडवलं की एक थर काळा पडतो, दुसरा चमकत राहतो आणि लाटा दिसतात. चांगल्या हातानं केलेलं असेल तर ते छानच असतं, मला स्वतःला ते बघायला फार आवडतं. पण त्यानं दाढी जास्त चांगली होते असं नाही. आणि थर नीट सांधले नसतील तर नेमकी धारेवर एक रेघ उघडी पडते, तिथं वस्तरा संपला.

४. पाठ आणि रुंदी, सगळ्यात महत्त्वाचं

हा भाग दोनदा वाचा.

सुरीला धार लावताना कोन आपण हातानं धरतो. वस्तऱ्यात तसं नसतं, पातं दगडावर आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेल्या. म्हणजे धारेचा कोन कारागिरानं पाठीच्या जाडीतच बांधून दिलेला असतो, तुम्हाला तो हातानं बदलता येत नाही. हा कोन १६ ते १८ अंशांच्या आसपास पाहिजे. सोपा हिशोब असा की रुंदीला साडेतीननं भागा, जे येईल तेवढी पाठ:

- ५/८ म्हणजे साधारण १६ मिमी रुंद, पाठ ४.६ मिमी
- ६/८ म्हणजे १९ मिमी, पाठ ५.४ मिमी
- ७/८ म्हणजे २२ मिमी, पाठ ६.३ मिमी

दोनचार दशांश इकडंतिकडं चालतं. माझ्या पहिल्या वस्तऱ्याची रुंदी २० मिमी आणि पाठ साडेसात. म्हणजे कोन जवळजवळ २२ अंश. पाठ जाड का, तर त्यावर पितळेची वेलबुट्टी बसवायची होती. दिसायला इतका देखणा की बघणारा हातातनं सोडायचा नाही, पातं पूर्ण मोर, पिसारा अगदी पाठीच्या कडेपर्यंत. मी आठ हजारांचा सरळ वस्तरा सोडून तो २६,००० ला करून घेतला होता. गालावर तो केस कापायचा नाही, ओढायचा. आणि पाठ प्रत्येक वेळी दगडाला घासणार हे मोर कोरणाऱ्याच्या आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं, तिसऱ्यांदा धार लावली तेव्हा पिसाऱ्याची वरची ओळ गेलेली.

नक्षी करायची असेल तर टँगवर करा, शेपटीवर करा, पाठीच्या अगदी माथ्यावर करा. पाठीच्या दोन्ही बाजू जिथं दगडाला टेकतात तिथं काही नको.

दुसरी गोष्ट पात्याची खोली. भरीव पातं पाचरीसारखं असतं, आणि दोन्ही बाजूंनी चाकावर पोखरत नेलं की पोकळ ग्राइंडचं होतं. एकोणिसाव्या शतकात सोलिंगेनच्या कारागिरांनी ही पोखरायची कला फार वर नेली, पातं धारेपाशी इतकं पातळ की दाढी करताना प्रत्येक केस कापल्याचा आवाज येतो. रुक्ष, दाट दाढीला थोडं भरीव, अर्धपोकळ बरं पडतं. मऊ दाढीला पूर्ण पोकळ चालतं.

हा आवाज मला मिरजेची आठवण करून देतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा घुमणारा नाद) लावताना कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तिचा, माथा कानसेनं जरासा घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. तिथल्या तंतुवाद्य कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धारपाणी करणारे, आणि एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झालं तसे ते वाद्यांकडं वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. हस्तिदंती नक्षीचा तंबोरा आणि साधा भोपळ्याचा तंबोरा यात गवई आधी जवारी ऐकतो. आपल्याकडं ही पारख आधीपासून आहे, वस्तऱ्याला तीच लावायची एवढंच.

५. मूठ

मूठ म्हणजे पातं मिटून ठेवायची दोन पट्ट्यांची म्यान, धरायची वस्तू नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. बोटं टँगवर असतात. वस्तरा उघडून टँगखाली एक बोट लावलं तर तो खिळ्याच्या (ज्यावर पातं फिरतं) आसपास तोलला पाहिजे. पितळेचे आतले पत्रे, जाड लाकूड, वर चांदीचा बिल्ला असं सगळं घातलं की नाकापेक्षा मोती जड होतो आणि हनुवटीखाली वळवताना मूठच हाताला ओढते.

शिसम चांगलं, म्हशीचं शिंग चांगलं (पण ते कोरड्या हवेत वाकू शकतं, अधूनमधून तेलाचा हात लावायचा), मायकार्टा (कापड आणि राळ दाबून केलेलं) सगळ्यात बिनकटकटीचं. हस्तिदंत आणि सांबरशिंग मागू नका, कुणी देतो म्हटलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि जुन्या परदेशी वस्तऱ्यांना कधीकधी हस्तिदंती मूठ असते, ते मागवताना तुम्ही अडकाल.

६. ऑर्डर देताना

तोंडी काही ठरवू नका. एका कागदावर चित्र काढा, खऱ्या मापाचं, आणि हे लिहा: रुंदी, पाठीची जाडी, पोलाद, कडकपणा, ग्राइंड, टोक (नवख्यांनी गोल टोकच घ्या, चौकोनी टोक कानापाशी चावतं), मुठीचं सामान, नक्षी कुठं आणि किती, वस्तरा धार लावून येणार का नुसता बनवून, किती दिवसांत, आणि वाकडा निघाला तर परत घेणार का.

कागदपत्रं अशी:

- चित्र आणि मापांवर कारागिराचा लेखी होकार, व्हॉट्सअॅपवर असला तरी चालेल
- अॅडव्हान्सची पावती, निम्म्याच्या वर अॅडव्हान्स देऊ नका
- बिल, त्यावर "दाढीचा वस्तरा" असं स्पष्ट
- परदेशातून येत असेल तर कुरिअरला केवायसी म्हणून आधार किंवा पॅन, आणि कस्टम ड्युटीचे पैसे वेगळे बाजूला काढून ठेवा, वस्तऱ्याच्या किमतीत ते धरलेले नसतात

७. हातात आल्यावर

पार्सल उघडलं की लगेच दाढी करू नका. आधी बंद वस्तरा उजेडाकडं धरून मुठीच्या फटीतून बघा, पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे येतंय का. माझ्या मोराच्या वस्तऱ्यात पातं डावीकडं झुकलेलं होतं, मिटताना धार पितळेच्या पत्र्याला लागायची, आणि दुसऱ्याच आठवड्यात टाचेपाशी, म्हणजे धारेच्या टँगकडच्या टोकाला, मोहरीच्या निम्म्याएवढा टवका उडालेला भिंगातून दिसला. कारागिराला फोटो पाठवले, तो म्हणाला वापरायची चूक. परतीचं लेखी काही नव्हतं.

मग काचेवर पातं आडवं ठेवा, दोन्ही बाजूंनी. डुगडुगलं तर पातं वाकलंय.

मग मार्कर. पूर्ण धारेवर दोन्ही बाजूंनी काळी रेघ ओढा आणि ८,००० च्या दगडावर एकच हलका हात फिरवा. जिथली शाई गेली तिथं दगड लागतोय, जिथं राहिली तिथं नाही. टाचेपासून टोकापर्यंत शाई सारखी गेली तर कारागिरानं काम चोख केलंय. मधेच राहिली तर पातं खोलगट, फक्त मधलीच गेली तर फुगीर. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि फोटोतला कुठलाही वस्तरा यात लपू शकत नाही.

माझा दुसरा वस्तरा आला तेव्हा मी तो आमच्याकडं आजोबांची दाढी करायला यायचे त्या काकांकडं घेऊन गेलो. आता ऐंशीच्या पुढं आहेत, धोकटी अजून खुंटीला आहे. मोराचा पण नेला होता. मोराचा त्यांनी उघडला, मिटला, बाजूला ठेवला. "नक्षी ऱ्हाऊ दे बाळा, पाणी बघत जा आधी." मग दुसरा घेतला, साधा, ओएचएनएसचा, ६/८, शिसमाची मूठ, कुठं एक फूल नाही. अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवून पुढं सरकवली, मग मनगटावरचे दोन केस उडवले, आणि बराच वेळ पाठीवरून बोट फिरवत राहिले. कारागिरानं पाठ टँगपाशी उतरवत आणली होती ती जागा त्यांना बोटाला लागली. म्हणाले, हितं त्यानं येळ घालवलाय.

मला जे देखणेपण म्हणायचंय ते त्या उतारात आहे. तो फोटोत दिसत नाही आणि तो नसेल तर अंगठा दोन मिनिटांत अवघडतो. पैसे तिथं गेले असतील तर कुणी कितीही शायनिंग म्हणो, ती वस्तू खरी आहे. ज्याला मोर हवाय त्यानं मोर घ्यावा, हौसेला मोल नाही, पण आधी मार्करच्या परीक्षेत पास झालेला वस्तरा घ्यावा आणि मग त्याच्या शेपटीवर मोर बसवावा.

८. धार आणि पट्टा

दगडावर धार पुढं ठेवून ढकलायचं, पट्ट्यावर पाठ पुढं. उलटं केलंत तर पट्टा कापला जाईल. वळवताना वस्तरा पाठीवर वळवायचा, धारेवर कधीच नाही. दाढीआधी पट्ट्यावर पन्नासेक फेरे, हलके, घाई न करता, पट्टा ताणलेला, नाहीतर धार गोल होते. नीट पट्टा मारला तर दगड दोनतीन महिन्यांनी लागतो, तोही फक्त १२,००० चा. १,००० ला हात लावायची वेळ टवका उडाल्याशिवाय येत नाही.

पहिल्यांदा धार जाणत्याकडून लावून घ्या, म्हणजे चांगली धार गालाला कशी लागते ते कळतं. नाहीतर कशाशी ताडून बघणार?

९. सांभाळणं

कोयनेच्या बाजूला, महाबळेश्वर, पाटण, तिकडं राहत असाल तर पावसाळा म्हणजे कार्बन पोलादाचा शत्रू, आणि सांगलीत नदीकाठी काही वेगळं नाही. दाढी झाली की पातं धुवा, पुसा, मग खिळ्यापाशी मुठीच्या आत मऊ कागदाची घडी घालून तिथलं पाणी टिपा, गंज नेहमी तिथनं सुरू होतो. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. चामड्याच्या पाकिटात पण नको, दिसायला भारी दिसतं पण चामडं ओल धरून ठेवतं.

जून ते सप्टेंबर पात्याला मशीनच्या तेलाचा एक थेंब, बोटानं धारेकडं पसरवत न्यायचं, धारेला समांतर नाही. खोबरेल लावू नका. विमानानं जाताना केबिन बॅगेत टाकू नका, काढून घेतील.

आणि आमच्यासारखे पूरपट्ट्यात असाल तर वस्तरा वरच्या मजल्यावर, वरच्या खणात, तेल लावून, प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात. माझा डबा पंचांगाशेजारी असतो, पाणी वाढतंय म्हटलं की घरच्यांच्या कागदपत्रांबरोबर तोही पिशवीत जातो.